आठ जनावरांसाठी ट्रॅक्टर

माझी सगळी नोकरी बेस्टच्या दादर वर्कशॉपमध्ये डिझेल इंजिनांवर गेली. निवृत्त झाल्यावर गावाहून धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, बैलं ईकली. भाड्याचा ट्रॅक्टर येळंला येत न्हाय. आता गोठ्याला आपलाच पायजे." त्याचं म्हणणं खरं होतं. पण नवा ट्रॅक्टर घ्यायचा म्हणजे बँकेचा हप्ता, आणि आठ जनावरांच्या दुधावर तो हप्ता पेलत नाही. डेअरीचं बिल दहा दिवसांनी हातात येतं आणि त्यातली मोठी रक्कम पेंड-भुशातच जाते. म्हणून जुना घ्यायचा, रोखीने घ्यायचा आणि तो मी बघायचा, असं ठरलं.

आमचं गाव पाटण तालुक्यात, ढेबेवाडी खोऱ्यात. या खोऱ्यातल्या घराघरातला एक तरी माणूस मुंबईला असतो. कुणी गिरणीत गेला, कुणी माथाडी झाला. माथाडींचे नेते अण्णासाहेब पाटील याच खोऱ्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. माझे वडील लालबागच्या चाळीत राहून गिरणीत काम करायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, काही महिन्यांनी वडील गावी गेले आणि पुन्हा कामावर आले नाहीत. त्यांनी एक म्हैस घेतली. आजचा गोठा तिथून वाढला. मी मुंबईतच राहिलो, पण त्या गोठ्यात माझा जीव अडकलेला आहे आणि माझा पैसा तिथे लागला तर तो वाया गेला असं मला कधीच वाटणार नाही.

ट्रॅक्टर बघायला निघण्याआधी मला गोठ्याचा हिशेब हवा होता. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं हॉस्पिटल आहे, १८८३ सालचं. आणि १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालयही परळलाच आहे. लहानपणापासून या भागातून येजा, त्यामुळे ओळखी झालेल्या. तिथल्या एका डॉक्टरांशी बसून बोललो. दुभत्या संकरित गाईला रोज २० ते २५ किलो हिरवा चारा आणि ५-६ किलो सुका लागतो. शेण १५ ते २० किलो पडतं. आमची पाच दुभती, एक भाकड आणि दोन कालवडी धरल्या तर रोज दीड-दोनशे किलो हिरवं खालच्या रानातून वर आणायचं आणि क्विंटलभर शेण उकिरड्यावर न्यायचं. वर्षातून काही वेळा कडब्याच्या आणि उसाच्या वाड्याच्या खेपा, नेपिअर गवताच्या तुकड्यात रोटाव्हेटर, आणि वीज गेली की पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, कडबा कुट्टी.

हे कागदावर मांडलं तेव्हा मला दिसलं की गोठ्याच्या ट्रॅक्टरचं जगणं शेतीच्या ट्रॅक्टरपेक्षा वेगळं असतं. शेतीचा ट्रॅक्टर हंगामात दिवसदिवस एका गिअरमध्ये नांगर ओढतो. गोठ्याचा रोज तासभरच चालतो, पण त्या तासात दहा वेळा सुरू-बंद होतो, अरुंद अंगणात ट्रॉलीसकट मागे येतो, उतारावर भरल्या ओझ्याने ब्रेक मारत उतरतो. त्याचा क्लच, त्याची अवजारं उचलणारी लिफ्ट, त्याचा पीटीओ आणि त्याचे ब्रेक आधी जातात. इंजिन त्या मानाने आरामात असतं. जन्मभर इंजिनं बांधलेला माणूस मी, तरी ठामपणे सांगतो: गोठ्यासाठी जुना ट्रॅक्टर घेताना आधी मागचा अर्धा भाग तपासा, मग इंजिनाकडे वळा. इंजिन तालुक्याच्या गावात बांधून मिळतं आणि खर्चाचा अंदाज आधी घेता येतो. गिअरबॉक्स किंवा डिफरन्शियलचं काम निघालं की ट्रॅक्टर मधोमध फोडावा लागतो, आणि आत काय निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही.

किती एचपीचा घ्यायचा यावर घरात बरीच ओढाताण झाली. पुतण्याला ४५ एचपीच्या खालचं काही नको होतं. गावात ट्रॅक्टरच्या आकारावरून घराची पत ठरते, हे मला माहीत आहे आणि पोराच्या वयाला ते वाटणं चुकीचंही नाही. पण आमची रानं तालीतालीची, वाट बांधावरून जाणारी. मोठा ट्रॅक्टर वळायलाच अर्धी ताल खातो. भावाचं मन दुसऱ्या टोकाला, १५ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरकडे. स्वस्त, डिझेल कमी, गोठ्याच्या दारातून आत जाईल असा. द्राक्षबागेत, आंतरमशागतीला तो फार उत्तम. आमच्या उतारावर मात्र तो मला नको होता, आणि कारण एचपीचं नव्हतं, वजनाचं होतं. मिनी ट्रॅक्टर पाऊण-एक टनाचा. त्याच्यामागे दोन टनांची भरलेली ट्रॉली उतारावर आली की ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते आणि स्टेअरिंग हातात राहत नाही. महिंद्राचा २६५ किंवा मॅसीचा १०३५ हे पावणेदोन टनांच्या आसपासचे. ३० ते ३६ एचपीच्या या गड्यांवर आमचं एकमत झालं.

या निवडीमागे दुसरंही एक कारण होतं. १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टर या अमेरिकी कंपनीच्या सहकार्याने महिंद्राची ट्रॅक्टर कंपनी उभी राहिली आणि बी-२७५ हा ट्रॅक्टर आपल्या कांदिवलीत बनू लागला. लोकलमधून बोरिवलीकडे जाताना किती मुंबईकरांना हे ठाऊक असतं! जे मॉडेल वर्षानुवर्षं बनत राहतं, त्याचा ऑइल सील, त्याची क्लचप्लेट कराडला कुठल्याही दुकानात मिळते आणि खोऱ्यातला कुठलाही मेस्त्री ते डोळे मिटून खोलतो. तुरळक विकला गेलेला ट्रॅक्टर जुन्या बाजारात निम्म्या किमतीत मिळेल, पण एका पार्टसाठी तो पंधरा दिवस उभा राहिला तर गाईंचा चारा डोक्यावरून आणावा लागेल. मुंबईतल्या माणसाला ऑपेरा हाऊसचं मोटारींच्या सुट्या भागांचं मार्केट आणि बेअरिंगसाठी नागदेवी स्ट्रीट हाताशी आहे. भावाला नाही. ट्रॅक्टर त्याच्या हातात राहणार होता.

मग बघणं सुरू झालं. कराड-वाळवा हा सगळा उसाचा पट्टा, त्यामुळे विकायला निघालेल्या ट्रॅक्टरांत ऊस वाहतुकीचे बरेच. पहिलाच असा पाहिला. रंग ताजा, साउंड सिस्टीम, पुढे लोखंडाचा भारी बंपर. दलाल म्हणाला, "शेठ, एकहाती वापर हाय." मी मागे जाऊन वाकलो. ट्रॉलीचा हुक आतून चाटून निम्मा झालेला आणि हुकाच्या पट्टीवर नवं वेल्डिंग. दोन-दोन ट्रॉल्यांतून कारखान्याला ऊस ओढलेला ट्रॅक्टर असा ओळखू येतो. त्याच्या क्लचने, गिअरबॉक्सने आणि मागच्या हबने आपलं आयुष्य देऊन टाकलेलं असतं. इंजिन मात्र छान वाजत होतं, आणि घेणारा बहुतेक वेळा त्या आवाजावरच भुलतो. आम्ही चहा घेऊन उठलो.

मधे एक फार स्वस्तातला सापडला होता. मी लालबागला घरी बसूनच मोबाइलवर एमपरिवहन ॲपमध्ये नंबर टाकला. बँकेचा बोजा अजून चढलेलाच, आणि चौकशीत कळलं की आरसीवरचा मालक वारलेला, वारसांत वाद. ट्रॅक्टर चांगला असला तरी असा व्यवहार करू नये. आरसी, विमा, बोजा उतरल्याचा बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५, विकणाऱ्याच्या सहीचे फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतला असेल तर फॉर्म २८, एवढं हातात आल्याशिवाय विसार द्यायचा नाही. चॅसी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः चिंधीने पुसून आरसीशी ताडून बघायचा. ट्रॉलीचीही वेगळी नोंदणी असते. बरेच जण ट्रॉली तशीच गळ्यात मारतात.

शेवटी जो घेतला तो पाटणच्याच बाजूचा, एका शेतकऱ्याच्या घरचा २६५. त्यांची पोरं पुण्याला, शेती अर्धलीने दिलेली, म्हणून विकत होते. मी आदल्या दिवशी निरोप धाडला होता की आम्ही येईपर्यंत सुरू करू नका. सकाळी पोचल्यावर आधी मॅनिफोल्डला हात लावला. थंड होता. गरम केलेला ट्रॅक्टर दाखवतात तेव्हा त्याची सुरू होण्याची खोड लपते. बॅटरीच्या दुसऱ्या झटक्यात इंजिन लागलं. धूर क्षणभर काळा, मग जवळजवळ नाही. निळा धूर ऑइल जळाल्याचा असतो. गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर पंप-नोझल किंवा हेड गॅस्केट बघावी लागते. ऑइल भरायचं झाकण काढून तळवा धरला. श्वास सौम्य होता, भसाभस फुंकत नव्हता. डिपस्टिकवरचं ऑइल काळं पण स्वच्छ, दुधाळ नाही. म्हणजे पाणी आत जात नव्हतं.

यानंतर मी त्यांना अर्धा तास शेतात रोटाव्हेटर चालवायला सांगितला. ते जरा चकित झाले. लिफ्टचं खरं रूप ऑइल तापल्यावरच कळतं. थंड ऑइलवर झिजलेला पंपसुद्धा वजन उचलतो. तापल्यावर रोटाव्हेटर वर घेऊन इंजिन बंद केलं आणि तो किती वेगाने खाली बसतो ते बघत राहिलो. हळूहळू बसत होता. एवढ्या वयाच्या लिफ्टचे सील बदलायचे असतात, ते धरून चाललो. मग भरलेली ट्रॉली जोडून उतारावर दोन्ही ब्रेक. सरळ थांबला, एका बाजूला ओढला नाही. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडताना थरथर नाही. शेवटी पुढचं चाक जॅकवर उचलून हलवलं. किंगपिन आणि बुश वयाप्रमाणे झिजलेले, पण तो खर्च माझ्या हिशेबात होता.

एक गोष्ट आधीच विचारून ठेवली होती: क्लच एकेरी की दुहेरी. एकेरी क्लचमध्ये पाय दाबला की गाडीही थांबते आणि पीटीओही. उभ्या जागी कुट्टी चालवायला ते चालतं. पण पुढे कुणी पीटीओवर चालणारं चारा कापायचं यंत्र घेणार असेल तर दुहेरीच बघावा. आमचा एकेरी आहे आणि आठ जनावरांना तो पुरतो.

किमतीबद्दल घासाघीस फार केली नाही. माणूस सरळ होता आणि त्याने झिजलेलं झिजलेलं म्हणून सांगितलं होतं. किमतीच्या दहाव्या हिश्श्याएवढे पैसे बाजूला काढून ठेवले होते, त्यात बुश, किंगपिन, लिफ्टचे सील, बॅटरी आणि सगळी ऑइलं झाली. पुतण्या पहिल्या दिवशी गप्प होता. आता तोच रोज सकाळी पाणी आणि ऑइल तपासतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणून हे शेवटी लिहितो. जुना ट्रॅक्टर पाहाल तर दहातल्या बहुतेकांना पीटीओच्या शाफ्टवरचं कव्हर नसतं. पहिल्या मालकाने ते कधीच काढून कुठेतरी टाकलेलं असतं. पीटीओचा वेग मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. पदराचं टोक, पंच्याचं टोक त्यात अडकलं तर ओरडायलाही वेळ मिळत नाही. आमच्या गोठ्यात कुट्टीजवळ माझी भावजय उभी असते. लुगड्याचा पदर खोचून काम करणाऱ्या बायका घरोघर कुट्टीजवळच उभ्या असतात. मी कराडमधून प्लास्टिकचं कव्हर आणून कुट्टीचा पट्टा जोडण्याआधी बसवलं. ट्रॅक्टरच्या किमतीत ते काहीच नाही. तसंच रस्त्यावर ब्रेकच्या दोन्ही पॅडलांना जोडणारी कडी लावलेलीच हवी. उतारावर न्यूट्रल कधीही नको. मडगार्डवर पोरं बसवायची नाहीत.

लालबाग, परळ, दादर, गिरगाव इथून गावच्या भावाला ट्रॅक्टरसाठी पैसे पाठवणारे पुष्कळ जण आहेत. माझं त्यांना कळकळीचं सांगणं आहे: पैसे पाठवून मोकळे होऊ नका. एक सकाळ काढून स्वतः जा, ट्रॅक्टर थंड असताना सुरू करायला लावा, तापल्यावर लिफ्ट बघा, भरल्या ट्रॉलीने उतारावर चालवून बघा. आणि व्यवहार झाला त्याच दिवशी पीटीओचं कव्हर विकत घ्या.