डायनोला काय विचारशील?

पुणे,
घटस्थापना

चि. बाळास,

तुझं पत्र आणि इंजिनाचे फोटो मिळाले. विचारलं आहेस ते सरळ आहे: कमोडोर गाडीतून काढलेलं एलएस-वन इंजिन तू हिवाळ्यात उघडून नीट केलंस, नवा ईसीयू घेतलास, आता जेट बोटीत बसवण्याआधी ते डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, चढवावं का, आणि ट्यूनर म्हणतो तशी ताकद वाढवून घ्यावी का? पत्र संपेपर्यंत तुला ताटकळत ठेवत नाही. डायनोवर जरूर ने. ताकदीच्या नादाला मात्र लागू नकोस. ट्यूनरच्या बोलण्यात या दोन्ही गोष्टी एकाच बिलावर आल्या आहेत, म्हणून तुझा गोंधळ झाला आहे.

आधी हे इंजिन कुठून आलं ते बघ. 5.7 लिटरचा हा व्ही-एट कमोडोरमध्ये आला तेव्हा कंपनी त्याची ताकद 220 किलोवॅट सांगत होती. पण गाडीत ती सगळी ताकद कधी लागते? ओव्हरटेक करताना, चार-सहा सेकंद. मग पाय उचलला की इंजिन श्वास घेतं. बोटीत तसं नाही. भरलेल्या ट्रकने खंबाटकी चढायला घ्यावा आणि घाटाला माथाच नसावा, तसं पाण्यावरच्या इंजिनाचं आहे. उतार नाही, न्यूट्रलमध्ये सोडणं नाही. गाडीत जे ट्यूनिंग वर्षानुवर्षं खपून जातं, ते नदीत एका दुपारी पिस्टन खाऊ शकतं.

आता पंपाचं गणित. जेट पंप जी ताकद पितो ती आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात वाढते. समज, तुझा पंप 4000 आरपीएमला 160 किलोवॅट घेतो. मग 4400 ला तो 213 मागेल आणि 2000 ला फक्त 20. हेच उलट बाजूने बघ. ट्यूनरने इंजिनाची ताकद 10 टक्क्यांनी वाढवून दिली, तर आरपीएम वाढतील जेमतेम 3 टक्के. 4500 ला अडणारं इंजिन 4645 च्या आसपास जाऊन अडेल. बोटीचा वेगही त्याच बेताने वाढेल. पण त्या वाढीसाठी जास्त ॲडव्हान्स केलेलं टायमिंग आणि लीन केलेलं मिश्रण इंजिनाला तासन्‌तास सोसावं लागेल. हा सौदा मला पटत नाही.

याच गणितातून डायनोचा खरा उपयोगही कळतो. गाडीचं इंजिन लोड आणि आरपीएमच्या नकाशावर कुठेही भटकतं: कमी आरपीएमला जास्त लोड, जास्त आरपीएमला कमी. जेट बोटीत पंप थेट इंजिनाला जोडलेला, त्यामुळे इतक्या आरपीएमला इतका लोड हे ठरून गेलेलं असतं. पंपात हवा शिरली नाही तर इंजिन जवळजवळ एकाच रेघेवर वर-खाली करतं. जहाजांच्या इंजिनांच्या आयएसओ 8178 चाचणीत ई-थ्री नावाचा एक क्रम आहे, तो याच घनाच्या नियमावर बेतलेला आहे: 100 टक्के आरपीएमला 100 टक्के ताकद, 91 ला 75, 80 ला 50 आणि 63 ला 25. तू डायनोवाल्याला हे चार बिंदू लिहून दे. प्रत्येक बिंदूवर इंजिन धरून ठेवायला सांग, तेलाचं तापमान स्थिर होईपर्यंत. बहुतेक ठिकाणी ते करतात तो ‘पुल’ वेगळा असतो. 3000 पासून 6000 पर्यंत सेकंदाला 300 आरपीएमने इंजिन वर नेलं की दहा सेकंदांत खेळ खलास. कागदावर सुंदर आलेख येतो, गॅरेजच्या भिंतीला शोभतो. त्या दहा सेकंदांत पिस्टनचा माथा पुरता तापतसुद्धा नाही. तुझं इंजिन जिथे जगणार आहे, तिथे त्याला बसवून बघितलं पाहिजे.

बसवून बघितल्यावर काय दिसतं ते सांगते. पूर्ण लोडवर काही मिनिटं धरून इंजिन एकदम बंद करायचं, आयडलवर न आणता, म्हणजे प्लगवर त्या लोडचीच खूण राहते. मग प्लग काढून त्याचं पांढरं पोर्सिलेन भिंगाखाली धरायचं. चांगल्या प्लगवर फिकट, एकसारखा रंग असतो. एखाद्यावर मिरीच्या पुडीएवढे काळे ठिपके दिसले, किंवा त्यांत चंदेरी चमकणारे कण असले, तर तिथेच थांबायचं. ते चंदेरी कण ॲल्युमिनियमचे, म्हणजे पिस्टनचे. नॉकिंगने पिस्टन झडायला लागल्याची ती पहिली खबर. इंजिनं तपासायच्या आमच्या टेस्ट सेलमध्ये आम्ही नॉकिंग ऐकायला कान लावून असायचो, वर सेन्सरही असायचे. उघड्या बोटीत एक्झॉस्टच्या आवाजात ते तुला कधीच ऐकू येणार नाही. एरवी बोटीत जे पेट्रोल भरतोस, तेच डायनोवर ने. 98 ऑक्टेनवर ट्यून करून सहलीला 91 भरलंस तर सगळी मेहनत पाण्यात.

मिश्रणाचंही तसंच. 1 भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा हा रासायनिक तोल. पूर्ण लोडवर मात्र 12.5 च्या आसपास, थोडं रिचच ठेवायचं, कारण जादा पेट्रोल ज्वलनकक्ष थंड ठेवतं. हे मोजणारा ऑक्सिजन सेन्सर बोटीत लावणं जिकिरीचं असतं. तुमच्या एक्झॉस्टमध्ये थंड करायला नदीचं पाणी सोडतात, आणि तापलेल्या सेन्सरवर दोन थेंब उडाले तरी तो तडकतो. डायनोवर एक्झॉस्ट कोरडा असतो, तिथे हे मोजमाप बिनघोर होतं. इंजिन बाहेर असताना डायनो करून घेण्याचं हे एकच कारणसुद्धा मला पुरेसं वाटतं.

मात्र डायनोवाल्याच्या पाइपांवर आणि त्याच्या उघड्या थ्रॉटलवर चाचणी करून घेऊ नकोस. तुझे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, तुझा फ्लेम अरेस्टर, तुझा अल्टरनेटर, सगळं घेऊन जा. पाण्याचं तापमानही विचार. तुझ्या बोटीत बर्फाच्या नद्यांचं पाणी थेट इंजिनात फिरतं. ते नीट तापलं नाही, तर ईसीयूला वाटतं इंजिन अजून गारच आहे. तो पेट्रोल ओतत राहतो आणि ते रिंगवरून खाली तेलात उतरतं. थर्मोस्टॅट आहे का, आणि त्याच तापमानाला मॅप बघितला का, हे शीटवर लिहून घे.

शीटवर ‘करेक्टेड’ असा शब्द असेल, त्याच्याकडेही लक्ष दे. पुण्यात आमचा बॅरोमीटर 950 मिलीबारच्या आसपास घुटमळायचा, म्हणून प्रत्येक रीडिंगला गुणक लावावा लागे. तो गुणक प्रामाणिक असतो, पण मानकं निरनिराळी आहेत. एसएईचं जुनं मानक नव्यापेक्षा साधारण 4 टक्के फुगवून दाखवतं. शिवाय तू तिकडे न्यूझीलंडमध्ये टेकापोच्या बाजूला, 700 मीटर उंचीवर गेलास, की विरळ हवेपायी सहा-सात टक्के तिथेच गेले. दोन दुकानांच्या आकड्यांची तुलना करून मित्रांशी वाद घालू नकोस.

आता खरा मुद्दा. जेट बोटीला सुकाणूचं पातं नसतं. पंपातून सुटणारी धार वळते म्हणून बोट वळते. धार बंद, की वळणं बंद. समोर विलोची झाडं आणि प्रवाहाचा ओढा असताना थ्रॉटल सोडल्यावर इंजिन बंद पडलं, तर तू बोटीतला प्रवासी उरतोस, चालक नाही. म्हणून मला सर्वोच्च ताकदीपेक्षा आयडलची काळजी जास्त आहे. गार इंजिन पहिल्या फेऱ्यात सुरू होतं का, पंपाच्या ओझ्यासकट स्थिर चालतं का, थ्रॉटल एकदम मिटून पुन्हा उघडला तर अडखळतं का, यासाठी ट्यूनरचा एक तास मागून घे. त्या तासाचा आलेख निघत नाही, त्यामुळे ट्यूनर तो स्वतःहून देणार नाही.

तुझ्या कँटरबरीच्याच बिल हॅमिल्टन यांनी 1950 च्या दशकात मॅकेंझी भागातल्या आयरिशमन क्रीकवर हे यंत्र घडवलं, ते गोट्यांवरून वाहणाऱ्या उथळ नद्यांत चालावं म्हणून. पाण्याची धार बोटीच्या तळाखालून न सोडता पाण्याच्या पातळीच्या वर सोडली, तेव्हा त्यांना हवा तो वेग मिळाला. मोठं इंजिन घालून नव्हे, पाण्याची वाट बदलून. 1977 मध्ये एडमंड हिलरी अशाच जेट बोटी घेऊन आपल्या गंगेत आले. बोटींची नावं होती गंगा, किवी आणि एअर इंडिया. सागरापासून थेट हिमालयापर्यंत प्रवाहाविरुद्ध गेले आणि नंदप्रयागजवळ धबधब्याने त्यांची वाट अडवली. इतक्या लांबच्या प्रवासाला मोठ्या आकड्याचं नव्हे, रोज सकाळी सुरू होणारं इंजिन लागतं.

डायनोला सगळं कळतं असंही समजू नकोस. बोट जागच्या जागी गर्रकन फिरवलीस की संपमधलं तेल एका बाजूला सरकतं आणि पिकअप क्षणभर कोरडा पडतो. स्टँडला पक्कं केलेलं इंजिन हे दाखवू शकत नाही. फेसाळ पाण्यात पंपाने हवा ओढली, की लोड अचानक नाहीसा होऊन इंजिन रेस होतं. त्यासाठी रेव्ह लिमिटर लावून घे, आणि तेलाच्या दाबाचा अलार्म मोठ्या आवाजाचा बसव.

इंजिन आधीच बोटीत असतं आणि ठणठणीत चालत असतं, तर मी तुला ते केवळ डायनोसाठी उतरवू दिलं नसतं. कारण पंप स्वतःच डायनो आहे. शांत, खोल पाण्यात, ठरावीक माणसं आणि इंधन घेऊन थ्रॉटल पूर्ण उघडायचा आणि आरपीएम व जीपीएसवरचा वेग, दोन्ही लिहायचे. दोन्ही उतरले, तर इंजिनाकडे बघ. आरपीएम चढले आणि वेग उतरला, तर इंजिनाला हात लावू नकोस. गोट्यांनी इम्पेलरची कड झिजवली आहे किंवा त्याच्या आणि लायनरच्या मधली फट वाढली आहे. बोट मंदावली म्हणून इंजिनावर पैसे घालणारे बरेच भेटतील. फट मोजायला वाकणारे थोडे.

तेव्हा असं कर. पंप बनवणाऱ्यांकडून तुझ्या इम्पेलरचा ताकद-आरपीएम आलेख मागव आणि मला पाठव. त्यावरून मी चारही बिंदूंचे आकडे काढून देते, ते घेऊन डायनोवर जा. चाचणीनंतर बोट पाण्यात उतरली, की पूर्ण थ्रॉटलचे आरपीएम कळव. ते आलेखाशी जुळले तर ट्यूनरला पेढे दे. जुळले नाहीत, तर मला फोन कर, आणि तोवर बोट ट्रेलरवरच राहू दे.

तुझी,
आत्या

ता. क. तुझी आई विचारते आहे, या बोटीला ब्रेक असतो का. मागची बादली खाली पाडली की धार उलटी फिरते आणि बोट थांबते, असं मी तिला सांगितलं. त्यालाही इंजिन चालू लागतं, हे मात्र सांगितलेलं नाही.