साडीचा पडदा

आमच्या हॉस्टेलच्या खिडकीला पडदा म्हणून एक जुनी चादर टांगलेली आहे. रूममेट म्हणते, पडदा म्हणजे पडदा, त्यात काय एवढं? तिला मी आमच्या नालछ्याच्या खिडकीची गोष्ट सांगितली. तीच इथे लिहिते.

नालछा म्हणजे धारहून मांडूला जाताना लागणारं गाव. आमचं घर अगदी रस्त्याला लागून. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आजी न्हाणीघरात घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आणि तिची खाट पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीपाशी आली. पावसाळ्यात मांडूला जाणाऱ्यांची ही गर्दी! गाड्या दारासमोर थांबतात, लोक भुट्टे खातात आणि खुशाल घरात डोकावतात. म्हणून आईने जाड मेंदी रंगाचा पडदा लावला, आणि तो दिवसभर ओढलेलाच. भरदुपारी ट्यूबलाइट.

मी सुट्टीत घरी गेले तर आजी भिंतीकडे तोंड करून पडलेली. जेवणही धड नाही. "पडदा उघड ना गं," एवढंच म्हणायची. आई म्हणायची, "आई, तुमचं अंग पुसायचं असतं, कपडे बदलायचे असतात. रस्त्यावरच्या लोकांनी बघायचं का?" दोघींचंही बरोबर होतं, आणि पंचाईत तीच होती.

मला मांडूची शाळेची सहल आठवली. होशंगशाहच्या मकबऱ्याला संगमरवरी जाळ्या आहेत. बाहेरून डोकावलं तर नुसता काळोख, आणि आत गेल्यावर त्याच जाळीतून बाहेरचा उजेड लख्ख. ज्या बाजूला अंधार, त्या बाजूच्या माणसाला दिसतं. पातळ पडद्याचंही तसंच. दिवसा बाहेर उजेड जास्त, म्हणून आतल्याला रस्ता दिसतो, रस्त्यावरच्याला आतलं दिसत नाही.

मी धारच्या बाजारातून नेटच्या पडद्याचा नमुना आणला. आजीने हात लावून बघितला. "मच्छरदाणी आहे ही. माझ्या डोळ्यांसमोर नको." मग म्हणाली, "कपाटातून माझी राखाडी महेश्वरी काढ."

आजीचं माहेर महेश्वरचं. अहिल्याबाईंनी जिथे विणकर आणून वसवले, तेच नर्मदेकाठचं महेश्वर. साडीचा ताणा रेशमी, बाणा सुती, म्हणून ती हलकी आणि झिरझिरीत. शिवाय महेश्वरीची किनार दोन्ही बाजूंनी सारखी, उलटी-सुलटी कशीही नेसा. म्हणजे पडदा केला तर घरातूनही किनार चांगली आणि रस्त्यावरूनही.

आई हबकली. "अहो आई, साडी फाडायची?"

"मी आता ती नेसणार आहे का?" आजी म्हणाली. त्यावर कोणी काही बोललं नाही.

हिशेब मी केला. पडद्याचं कापड खिडकीच्या दुप्पट तरी रुंद हवं, नाहीतर चुण्या पडत नाहीत आणि पडदा ताणलेल्या चादरीसारखा दिसतो. खिडकी चार फूट. साडीचा पन्हा पावणेचार फुटांच्या आसपास, म्हणजे दोन तुकडे जोडीने लावले की जवळजवळ दुप्पट. साडेपाच मीटरमधून सव्वादोन मीटरचे दोन तुकडे काढले, पदराकडचा मीटरभर आजीने उशाशी ठेवून घेतला. दांडी चौकटीच्या वीतभर वर लावली, त्याने खिडकी उंच वाटते. तळाची दुमड चार बोटं ठेवली, म्हणजे वजनाने कापड सरळ पडतं. खिडकी उत्तरेची आहे म्हणून बरं. थेट उन्हात रेशीम लवकर विरतं.

पडदा लागला आणि आजी कुशीवर वळली. "तो बघ, इमलीवाला आला." मांडूची ती मोठाली खुरासानी इमली घेऊन तो रोज जायचा म्हणे. आम्हाला कधी दिसलाच नव्हता.

फजिती दुसऱ्या दिवशी सकाळी कळली. शेजारच्या काकी हसत म्हणाल्या, "काल रात्री तुम्ही सगळे जेवत होतात ना? भाजी काय होती तेवढं दिसलं नाही!" रात्री उजेड आत आणि अंधार बाहेर, म्हणजे जाळीचा न्याय उलटा. मेंदी पडदा आईने धुवून ठेवून दिला होता. तो परत काढला, मागे दुसऱ्या दांडीवर लावला. दिवसा साडी, रात्री दोन्ही.

तेव्हापासून दिवेलागणीला घरात एक काम वाढलं. आधी जाड पडदा ओढायचा, मग दिवा लावायचा. आई सातच्या सुमाराला खोलीत येते, हात बटणाकडे जातो.

आजी म्हणते, "थांब गं. लाइट नको लावूस अजून."

आणि आई थांबते. कधी कधी खाटेच्या कडेला बसतेसुद्धा. अंधारात दोघी रस्ता बघत राहतात.