बिनतिकिटाची सहल

दोस्तांनो, सुट्टी लागली की मावसभाऊ, आतेबहिणी तुमच्या घरी राहायला येतात ना? दोन दिवस पत्ते, कॅरम खेळून झाले की प्रश्न येतोच, "तुमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये बघण्यासारखं काय आहे रे?" आपण डोकं खाजवतो आणि म्हणतो, "इथं काय, नुसते कारखाने!" मग आई-बाबांच्या मागं लागून मॉल गाठायचा आणि तासाभरात पैसे संपवायचे.

लंडनला जाणारे लोक तिथलं प्रसिद्ध ब्रिटिश म्युझियम हमखास बघतात. का? एक तर ते आहेच बघण्यासारखं, आणि आत जायला पैसे पडत नाहीत! अशी फुकट बघायची ठिकाणं आपल्या कारखान्यांच्या गर्दीतही आहेत. बसचं तिकीट मात्र काढायचं हं!

चिंचवडपासून सुरुवात करू. पवनेच्या काठी मोरया गोसावींची समाधी आहे. मोरगावच्या मोरेश्वराचे हे थोर भक्त. 'गणपती बाप्पा मोरया' म्हणताना आपण त्यांचंच नाव घेतो, असं मानतात. तिथून जवळच चापेकर चौक. दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे तिघे भाऊ चिंचवडचे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगची साथ होती. तपासणीच्या नावाखाली गोरे सोजीर घरात घुसून लोकांना छळत. त्यांचा वरिष्ठ अधिकारी रँड याच्यावर २२ जूनच्या रात्री दामोदरांनी गोळी झाडली. पुढं तिघाही भावांना फाशी झाली. बसमधून हा चौक सगळेच बघतात. एकदा खाली उतरून त्यांचं शिल्प नीट बघा.

दुसऱ्या दिवशी लोणावळा लोकल पकडा आणि बेगडेवाडीला उतरा. जवळच्या डोंगरात घोरावडेश्वरची लेणी आहेत. बौद्ध भिक्षूंनी राहण्यासाठी आणि प्रार्थनेसाठी खडकात कोरून घेतलेल्या त्या खोल्या! आता तिथं महादेवाचं देऊळही आहे. पायऱ्या चढताना दम लागतो, पण वर गार वारा आणि खाली आगगाडी अगदी खेळण्यातल्यासारखी. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा सोबत मोठं माणूस हवंच.

तिसरा दिवस देहूचा. तुकाराम महाराजांचं हे गाव. इंद्रायणीकाठच्या गाथा मंदिरात त्यांचे अभंग भिंतींवर कोरलेले आहेत. पाठ्यपुस्तकात शिकलेला अभंग कोण आधी शोधून काढतो, अशी पैज लावा. बघा कशी मजा येते!

आणि सगळ्यात शेवटी चाकण. तिथल्या रस्त्यावर नव्याकोऱ्या मोटारी पाठीवर घेऊन चाललेले लांबलचक ट्रेलर दिसतात. बसच्या खिडकीतून ते मोजत बसायला पैसे लागत नाहीत! पण खरी गोष्ट गावात आहे. तिथं संग्रामदुर्ग नावाचा भुईकोट आहे. भुईकोट म्हणजे सपाट जमिनीवरचा किल्ला. ना उंच कडा, ना दाट जंगल. १६६० मध्ये शायिस्ताखान प्रचंड फौज घेऊन त्यावर चालून आला. आत किल्लेदार फिरंगोजी नरसाळा आणि काहीशे मावळे. मदत कुठून येणार? वेढा पडला तेव्हा शिवाजी महाराज स्वतः पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकलेले! तरीही फिरंगोजींनी किल्ला जवळजवळ दोन महिने लढवला. शेवटी मोगलांनी भुयार खणून सुरुंग लावला, बुरूज उडाला, तेव्हा कुठं किल्ला पडला. खानानं फिरंगोजींना मोगलांची चाकरी देऊ केली. त्यांनी ती नाकारली.

आज तो किल्ला बघायला गेलात तर थोडी तटबंदी आणि काही बुरूजच उरलेले दिसतील. चहूबाजूंनी घरं आली आहेत. मोगलांच्या तोफांपुढं दोन महिने टिकलेली ही भिंत आपल्या दुर्लक्षापुढं किती दिवस टिकेल?

मुलांनो, तिकीट नाही म्हणजे मालक नाही, असं नव्हे. मालक आपण सगळेच! लेण्यांच्या दगडावर कोणी तरी आपलं नाव कोरतं, बुरुजापाशी वेफर्सची पिशवी टाकतं. देहूवरून आळंदीला जाणाऱ्या इंद्रायणीवर कधीकधी पांढरा फेस तरंगताना दिसतो. तो साबणाचा खेळ नाही, गटाराच्या आणि कारखान्यांच्या घाण पाण्याचा आहे. म्हणून पाहुण्यांना नदी दाखवाल तेव्हा तो फेसही दाखवा. तो कुठून येतो, हे बाबांना किंवा शाळेत बाईंना विचारा. मोठ्यांना उत्तर द्यावंच लागेल.

तर मग पाण्याची बाटली, टोपी, घरची पोळी-भाजी आणि कचरा परत आणायला एक रिकामी पिशवी. झाली तयारी! आता कोणी विचारलं, "इथं बघण्यासारखं काय आहे?" तर डोकं खाजवू नका. चपला घाला आणि म्हणा, "चल, दाखवतो!"