भिंतीपलीकडचा गळा

भिंतीला कान असतात ही म्हण आम्हां वकील मंडळींच्या फारशा कामाची नाही. आम्हांस माणसाचे कान लागतात. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील ६० व्या कलमाचे म्हणणे असे की, जी गोष्ट कानांनी कळण्यासारखी आहे तिची साक्ष ज्याने ती स्वतः ऐकली त्यानेच द्यावी. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्यानेही हा नियम कायम ठेवला आहे. परंतु माणूस ऐकतो म्हणजे नेमके काय करतो, याविषयी दोन्ही कायदे मुके आहेत. आम्हीही पुष्कळ वर्षे त्याचा विचार केला नव्हता.

बीदर जिल्ह्यातील एका घरवाटणीच्या दाव्यात, अमुक रात्री थोरला भाऊ घरात होता की नव्हता, एवढाच काय तो वादाचा मुद्दा होता. शेजारची एक म्हातारी प्रतिपक्षातर्फे पिंजऱ्यात उभी राहिली. तिने भिंतीपलीकडून भांडण ऐकले होते. उलटतपासणीत आम्ही विचारले, "आजी, तो काय बोलला ते सांगा."

"बोल समजले न्हाईत, साहेब. गळा त्याचाच व्हता. म्या भिंतीला टेकूनच बसले व्हते."

आम्ही न्यायासनाकडे वळून म्हणालो की, दीड हात जाडीच्या जांभ्याच्या भिंतीतून गळा तेवढा पार होतो आणि शब्द मात्र अडून बसतात, हा चमत्कारच म्हणावयाचा! सभागृहात हशा पिकला. म्हातारीची साक्ष अग्राह्य ठरली व आमचा पक्षकार जिंकला. बाररूममध्ये त्या दिवशी चहा आमच्याकडून होता.

चाळिशी उलटल्यावर आमचा डावा कान हळूहळू बंद पडू लागला. चमत्कारिक गोष्ट अशी की, जगाचा आवाज बारीक होत चालला तसा आमचा स्वतःचा आवाज आम्हांस मोठा वाटू लागला. म्हणून आम्ही हळू बोलू लागलो, आणि न्यायाधीशांना 'वकीलसाहेब, जरा मोठ्याने' असे वारंवार सांगावे लागले. अखेर कलबुर्गीच्या एका कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नादकाटा आपटून कानामागच्या हाडावर टेकवला. स्वर स्वच्छ ऐकू आला. तो विरल्यावर त्यांनी काटा कानासमोर धरला. तेथे शुद्ध शांतता! निरोगी कानाला याच्या उलट अनुभव येतो. ही परीक्षा जर्मन वैद्य रिने याने १८५५ साली सांगितली.

डॉक्टर शिकवण्याची हौस असणारे निघाले. आतला शंखासारखा कान द्रवाने भरलेला असतो, आणि हवेतला ध्वनी द्रवावर आदळला की हजारात जेमतेम एक भाग आत शिरतो; बाकीचा परततो. ही तूट भरून काढण्यासाठी पडद्यामागे तीन चिमुकली हाडे आहेत. पडद्यावरचा दाब ती सुमारे सतरापट लहान अशा खिडकीवर एकवटतात. आमचे तिसरे हाड, ज्याला रिकीब म्हणतात, ते जागीच घट्ट झाले होते. हवेचा रस्ता बंद, हाडाचा मात्र खुला.

घरी येताना शाळेतला धडा आठवला. शहाबादकडे रुळाला कान लावून गाडी ऐकणारी पोरे आम्ही पाहिली होती. पोलादातून ध्वनी हवेच्या सुमारे पंधरापट वेगाने धावतो. पण वेग वेगळा आणि प्रवेश वेगळा. चाक रुळालाच घासते, म्हणून नाद आयताच पोलादात उतरतो. बोलणाऱ्याचा आवाज हवेतून भिंतीवर येतो आणि बहुतेक तेथूनच माघारी फिरतो. जे थोडे पार होते, ते भिंत अंगानेच किंचित हलते म्हणून. जड भिंत संथ कंपनांना जरा तरी दाद देते, द्रुत कंपनांना मुळीच नाही. पुरुषाच्या गळ्याचा मूळ स्वर सेकंदाला शंभर-सव्वाशे कंपनांचा असतो. आणि 'स', 'श', 'च' यांसारखी, शब्दाला शब्दपण देणारी व्यंजने हजारोंच्या घरात. म्हणजे भिंतीतून गळा येतो आणि शब्द अडतात!

म्हातारी तोवर वारली होती. तरीही आम्ही ते घर पाहावयास गेलो. दाव्याच्या वेळी जावयास हवे होते, तेव्हा गेलो नव्हतो. जांभा कसा असतो हे कोकण-गोव्याच्या वाचकांना सांगावयास नको. त्यांच्या चिऱ्यांचाच हा बीदरच्या माळावरचा भाऊबंद, भोकाभोकांचा. दोन्ही घरांचे माळवद एकाच तुळयांवर होते. तिच्या बसावयाच्या जागेशेजारी एक देवळी होती. पलीकडच्या घरातही नेमकी तेथेच दुसरी. दोन देवळ्यांच्या मध्ये दगड उरला होता तो जेमतेम वीतभर. दीड हाताची भिंत आम्ही कागदावरून मोजली होती.

तिच्या सुनेने आम्हांस ओळखले नाही, हे बरे झाले. पाणी दिले, बसा म्हणाली. आम्ही देवळीशी पाठ आणि डोक्याची मागची बाजू टेकून बसलो. पलीकडे कोणी तरी बोलत होते. एकही शब्द कळला नाही. पण वर्षापूर्वी फीचे पैसे आमच्या हातावर मोजताना जो बोलत होता, तोच तो गळा होता.