चौकट चालते, हात चालत नाही

मे महिन्यात आम्हाला एक फोन आला. आमच्याच भंडारा जिल्ह्यातल्या एका गावातून. फेब्रुवारीत तिथल्या देवळाच्या गाभाऱ्यासाठी आम्ही पितळी चौकट बनवून दिली होती. ती आता फुगली होती आणि वरच्या कोपऱ्यातला सांधा उघडला होता. फोन करणारे समितीचे होते. बोलणं अगदी अदबीचं.

"तुमीच या जी. तुमच्यासारखं काम इकडे कोणाले जमत नाही. फक्त रात्री या. आठ-नऊच्या नंतर."

आम्ही विचारलं, रात्री काऊन? ते जरा थांबले. मग म्हणाले, "तुमाले समजते ना."

समजते. फेब्रुवारीत चौकट घेऊन गेलो तेव्हाच समजलं होतं. गाडीतून माल उतरवायच्या आधी एकाने नाव विचारलं. नाव सांगितल्यावर म्हणाला, "नाव नाही, आडनाव." आडनाव ऐकल्यावर कोणी शिवी दिली नाही, कोणी हाकललं नाही. चहा आला. कागदी कपात आला, पण हल्ली सगळ्यांनाच कागदी कपात येतो. (या कागदी कपाने भेदभाव करणाऱ्यांची मोठी सोय केली आहे. वेगळी कपबशी ठेवायची भानगडच उरली नाही.) चहा झाल्यावर सांगण्यात आलं, "आता आमचे पोरं बसवतील. तुम्ही कशाला तरास घेता?"

आम्ही बाहेर उभं राहून समजावून सांगितलं. स्क्रूची छिद्रं गोल नाहीत, लांबट आहेत, ती मुद्दाम तशी पाडली आहेत. स्क्रू पूर्ण आवळू नका, पितळेला सरकायला जागा ठेवा. ऊन लागलं की पितळ लोखंडापेक्षा जास्त वाढतं. दोन मीटरची पट्टी तीस अंशांच्या फरकाने एक मिलिमीटरहून थोडी जास्त लांब होते. भंडाऱ्याचा मे महिना काय असतो हे इथल्या कोणालाच सांगायला नको. त्यांच्या पोरांनी नवीन गोल छिद्रं पाडली आणि स्क्रू जीव खाऊन आवळले. चौकट फुगली यात नवल नाही. आमच्या हाताने केलेली चौकट त्यांना चालली. ती बसवायला तोच हात चालला नाही, आणि त्याची किंमत पितळेने दिली.

आम्ही चौघं आहोत. दोघं आयटीआयमधून वेल्डिंग शिकलो, एक नागपूरच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात, आणि एक बफिंगच्या मशीनवर दहा वर्षं हात काळे करून आला. गेट, जिन्याचे कठडे, नावाच्या पाट्या, हॉटेलचे काउंटर, दारावरची नक्षी. गिऱ्हाईक जे चित्र मोबाईलवर दाखवेल ते आम्ही पितळेत करून देतो. भंडारा हे पितळेचं गाव, ही ओळख जुनी आहे. तो धंदा कासारांचा. मग स्टेनलेस स्टील आलं, त्याला ना कल्हई लागे ना चिंच, आणि पितळी गुंड-घागरी माळ्यावर गेल्या. आता पितळ परत आलं आहे, पण भांडं म्हणून नाही, शोभा म्हणून. या दुसऱ्या फेरीत आमच्यासारख्यांना शिरायला जागा मिळाली, कारण या फेरीतलं कौशल्य बापाकडून येत नाही. ते मशीनवर आणि आयटीआयच्या बाकावर शिकता येतं.

तरी हे काम सोपं नाही, हे आमच्या तरुण मित्रांनी समजून घ्यावं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. तांबं १,०८५ अंशाला वितळतं, जस्त ९०७ अंशालाच उकळतं. पितळ वितळायला लागतं तेही साधारण तेवढ्याच उष्णतेला. म्हणजे तुम्ही सांधा वितळवता तेव्हा त्यातलं जस्त वाफ होऊन निघून जायला बघतं. सांध्यात भोकं पडतात, रंग तांबूस होतो, आणि आजूबाजूला कापसाच्या पेळूसारखी पांढरी भुकटी साचते. म्हणून शक्य तिथे आम्ही मूळ पितळ न वितळवता झाळतो. टाकणखार लावायचा, ज्योतीत ऑक्सिजन किंचित जास्त ठेवायचा म्हणजे वर ऑक्साइडची पातळ साय धरते आणि जस्त आतच राहतं, आणि पितळेच्या आधी वितळणारी सळई सांध्यात ओढू द्यायची. मग घासकाम. आधी ग्राइंडर, मग एमरीचे वाढत्या बारकाईचे नंबर, मग कापडी चाकावर पॉलिशचा साबण लावून बफ. शेवटी सांधा कुठे होता ते आमचं आम्हालाही बोट फिरवून शोधावं लागतं, तेव्हा काम झालं.

त्यानंतर हातमोजे घालायचे. घामात मीठ असतं, उघड्या बोटांचा ठसा चकाकीवर पडला तर काही दिवसांत तिथे काळा डाग उमटतो. म्हणजे शेवटच्या टप्प्यावर पितळेला आमचा उघडा हात खरोखरच चालत नाही. पण ते पितळेचं रसायन आहे. हातमोजे घातले की पितळेची तक्रार संपते. समितीची संपत नाही.

त्या पांढऱ्या धुराबद्दल एक सांगायलाच हवं, कारण आमच्यातले दोघं त्याने आडवे पडले आहेत. दिवसभर बंद खोलीत पितळ झाळलं की तोंडाला गोडसर, धातूची चव येते. रात्री थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतं. दुसऱ्या दिवशी उतरतो, म्हणून कोणी दवाखान्यात जात नाही. मलेरिया समजून गोळी घेतात. जुने कारागीर सांगतात, दूध प्या. दुधाने काही होत नाही. दार उघडा, पंखा बाहेरच्या दिशेने लावा, धूर शोषणारा पाइप लावा, योग्य मास्क घ्या. साधा रुमाल बांधून तो धूर अडत नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, त्या काळात कारखान्यातल्या कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती झाली. पण आमच्यासारख्या चौघांच्या दुकानाला कारखाना कायदाच लागू होत नाही. इथे आमचा मालक आम्हीच, म्हणून आमच्या फुप्फुसांचे गुन्हेगारही आम्हीच. पहिली दोन वर्षं आम्ही पाइप लावला नाही. पैसे नव्हते हे खरं, आणि मर्दुमकीची हौस होती हेही खरं.

आता त्या रात्रीच्या फोनकडे येऊ. आमच्यात भांडण झालं. दुरुस्तीचे अकरा हजार ठरत होते. एक म्हणाला, "रात्री तं रात्री. हप्ता दिवसा-रात्री पाहून येत नाही." तो डरपोक नाही. त्याच्या घरी आई आजारी आहे, आणि स्वाभिमानाची भाषणं ऐकून त्याला औषध कोणी फुकट देत नाही. दुसरा म्हणाला, एकदा अंधारात गेलो की पुढची सगळी कामं अंधारातच मिळतील. शेवटी आम्ही कळवलं: दिवसा येऊ, दारासमोर उभं राहून काम करू, नाही तर चौकट काढून दुकानात आणून द्या. त्यांनी दोन्ही केलं नाही. ज्या ठेकेदाराकडून ते काम आलं होतं, त्याने त्यानंतर आम्हाला काम दिलेलं नाही. औषधवाल्या मित्राचे अकरा हजार आम्ही बुडवले, हे लिहून ठेवतो, कारण अशा लेखांत नकाराचा अभिमान छापला जातो आणि त्याचं बिल कोणी भरलं ते छापलं जात नाही.

धातू आणि आपला स्पर्श हे प्रकरण जुनं आहे. बाबासाहेबांनी 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या भाषणात अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावाची हकिकत नोंदवली आहे. नोव्हेंबर १९३५ ची गोष्ट. तिथल्या बऱ्या स्थितीतल्या अस्पृश्य घरांतल्या बायका धातूच्या भांड्यांतून पाणी आणू लागल्या. एवढ्यावरून सवर्णांनी त्यांच्यावर हल्ला केला. पाणी तेच, वाट तीच, भांडं मात्र मातीचं हवं होतं. मुंबईच्या गिरण्यांत वेगळं काही नव्हतं. विणकाम खात्यात मजुरी जास्त, पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात प्रवेश नाही. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर मांडला. मशीन इंग्लंडहून आलं होतं, थुंकीची भीती मात्र इथलीच होती. म्हणून यंत्र आलं की जात जाईल असं म्हणणाऱ्यांना आम्ही आमचं दुकान दाखवतो. यंत्राने आम्हाला आत घेतलं, हे खरं. माल तयार होऊन दुकानाबाहेर पडला की जात त्याची फाटकावर वाट बघत उभी असते.

गेल्या वर्षी एका अभ्यासवर्गात एका मुलाने आम्हाला उभं केलं. "तुम्ही बावीस प्रतिज्ञा घेतल्या, आणि गाभाऱ्याची चौकट बनवता?" सभागृहात शांतता. प्रश्न बरोबर होता. आमचं उत्तर असं: प्रतिज्ञांनी पूजा सोडायला सांगितली आहे, हत्यार सोडायला नाही. सम्यक आजीविकेत तथागतांनी जे व्यापार वर्ज्य सांगितले ते शस्त्रांचे, प्राण्यांचे, मांसाचे, मद्याचे आणि विषाचे. त्यात दाराची चौकट नाही. आणि ज्याच्या घरचं शेवटचं जेवण तथागतांनी घेतलं तो पावा नगरीचा चुंद कोण होता? कम्मारपुत्त, धातूकाम करणाऱ्याचा मुलगा. त्या जेवणानंतर आजार बळावला तेव्हा चुंदाला कोणी दोष देऊ नये म्हणून त्यांनी आनंदाला मुद्दाम बजावलं. एवढा आधार आम्हाला पुरतो. तरी आम्ही मूर्ती करत नाही. चौकट करतो, कठडा करतो, दार करतो. ही रेघ तर्काला अगदी धरून आहे असा आमचा दावा नाही. पोट आणि प्रतिज्ञा यांच्यामध्ये कुठेतरी ओढावी लागली, ती तिथे ओढली.

सरकारलाही कारागिरांचा पुळका आला आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा व्यवसाय, अवजारांसाठी पंधरा हजार, आधी एक लाखाचं आणि मग दोन लाखांचं कर्ज पाच टक्क्यांनी. पैसे वाईट नाहीत. पण योजनेची भाषा बघा: गुरु-शिष्य परंपरा, कुटुंबात चालत आलेलं पारंपरिक कौशल्य. आमच्या कुटुंबात परंपरेने काय चालत आलं? वतन, म्हणजे गावकीचं राबणं. तामिळनाडू सरकारने जातीच्या धंद्यांचाच मुद्दा काढून ही योजना नाकारली आणि स्वतःची वेगळी काढली. उलट १९४२ मध्ये बाबासाहेबांनी व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात काय मागितलं होतं? सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आमच्या मुलांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्या. ज्या धंद्यात बाप नव्हता त्या धंद्यात मुलाला घाला, ही ती मागणी होती. आम्ही चौघं तिचीच उशिरा आलेली पावती आहोत.

आता स्वतःच्या घरात बघू, नाहीतर हा लेख फार सोपा होईल. बाहेर गेलो की चळवळीतले लोक आम्हाला "खैरलांजीच्या जिल्ह्यातले" म्हणून ओळखतात. घरी आमची माणसं अभिमानाने सांगतात की १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेला उभे होते. हरले, तेही सांगतात. आणि हीच माणसं विहारासाठी पितळी कठडा मागायला येतात तेव्हा म्हणतात, "समाजाचं काम आहे, मजुरी कायची घेता गा?" देवळाची समिती आमचा हात नाकारते, पण पैसे वेळेवर देते. विहाराची समिती गळ्यात हार घालते आणि उरलेल्या रकमेसाठी तीन पौर्णिमा फिरवते. एका ठिकाणी तर आमचं काम परवडत नाही म्हणून बाजारातून तयार माल आणला, आणि लोकार्पणाला आम्हाला "समाजातील होतकरू कारागीर" म्हणून मंचावर बसवलं. मित्रांनो, फुकट राबवून घेणं याला वेठबिगार म्हणतात. ती निळ्या झेंड्याखाली झाली म्हणून तिचं नाव दान होत नाही. दान द्यायचं तर आम्ही ठरवू, किती द्यायचं ते.

यावर आम्ही एक नियम केला आहे, देवळाला आणि विहाराला सारखाच. कामाआधी अर्धे पैसे. बसवायला आम्हीच येणार, दिवसा. आणि मागच्या बाजूला, जिथे दिसत नाही तिथे का होईना, आमच्या दुकानाचं नाव ठोकलेलं राहणार. नियमामुळे काही गिऱ्हाईकं गेली. दोन देवळांची गेली आणि, हिशेब केला तर, तीन विहारांची.

सध्या टेबलावर एका विहाराचं अशोकचक्र आहे, चार फुटी. चोवीस आऱ्या, प्रत्येकीला दोन सांधे, म्हणजे अठ्ठेचाळीस. एकोणतीस झाले आहेत. समितीने अर्धे पैसे दिले, थोडं कुरकुरत दिले, पण दिले. पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता बसवायला जायचं आहे, आणि औषधवाला मित्र म्हणतो की या वेळी शिडीवर तोच चढणार.