परसातला घाट

पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी उजाडताच मी परसात उकिडवा बसतो. हातात खुरपे, लहान हातोडी आणि स्पिरिट लेव्हल. जांभ्याच्या भरावावरून 18 मीटर रूळ गेला आहे, त्याचा एकेक सांधा बोटाने चाचपत पुढे सरकायचे. कुठे खडी वाहून गेलेली असते, कुठे गांडुळांनी माती वर काढलेली असते. पेरूची भिजलेली पाने नेमकी वळणावरच चिकटून बसतात. जास्वंदीपाशी मुंग्या दरवर्षी स्लीपरखाली घर करतात आणि रूळ दोन मिलिमीटर उचलला जातो. दोन मिलिमीटरने गाडी पडते.

आमच्या रुळांमधले अंतर 32 मिलिमीटर. ज्या गाडीची ही नक्कल, तिचा नेरळ-माथेरानचा रूळ दोन फुटी. फुटाला 16 मिलिमीटर धरले की बरोबर 32 येतात. म्हणजे सगळे एकोणीस पटींनी लहान. साडेपाच फुटांचा गार्ड 88 मिलिमीटरचा, तळहातावर उभा राहील एवढा. या मापाने नेरळपासून माथेरानपर्यंतची अख्खी वाट घालायची तर किलोमीटरहून जास्त रूळ लागेल. माझ्या परसात तिच्यातली दोन वळणे आणि एक स्टेशन मावले आहे. 1968 साली जर्मनीतल्या लेहमान कंपनीने उघड्या बागेत चालतील अशा गाड्या बाजारात आणल्या आणि हा छंद पुष्कळांच्या हाती आला. त्यांचा रूळ 45 मिलिमीटरचा. त्या गाड्या देखण्या आहेत. पण मला आमच्याच डोंगरावरची गाडी हवी होती.

सुरुवातीला वाटले, माप धरून सगळे लहान केले की काम झाले. डबे लहान होतात, झाडेही होतात. मरव्याचे रोप वडासारखे दिसते आणि श्रावणात भरावावर शेवाळ चढले की खरोखरचे रान उभे राहते. पाऊस मात्र लहान होत नाही. माथेरानवर पडतो तोच टपोरा थेंब या भरावावर पडतो, आणि 88 मिलिमीटरच्या माणसाला तो घागरीसारखा लागेल. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेले मिनिएचर रेल्वेचे संग्रहालय 1998 पासून आहे. तिथल्या गाड्या मी तासन्‌तास पाहिल्या आहेत. तिथले छोटे शहर छपराखालचे आहे, म्हणून तिथे सगळे वेळेवर चालते. उघड्यावर आलात की वेळापत्रक आभाळाच्या हातात.

आमचे आबा घाटात रेल्वेचे गँगमन होते. मी पहिल्यांदा रूळ घातला तेव्हा सांधे एकमेकांना घट्ट भिडवले होते, एक रेघ दिसावी म्हणून. मे महिन्यात दुपारी बघतो तर पितळी रूळ नागमोडी झाला होता आणि चार स्लीपर उखडले होते. आबांनी खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि म्हणाले, “जागा सोडली नाहीस. उन्हात रूळ वाढतो रे.” हिशोब नंतर केला. पहाटेपासून भर दुपारपर्यंत रूळ तीस अंशांनी तापला, तर पितळ मीटरमागे अर्धा मिलिमीटर वाढते. 18 मीटरला सेंटिमीटरभर. तो सेंटिमीटर आता आठ सांध्यांत वाटून दिला आहे. भरावाखाली सिमेंट ओतायचे माझ्या मनात होते, तेही आबांनी करू दिले नाही. सिमेंट तडकले की संपले. खडीतून पाणी निघून जाते, आणि बसलेल्या खडीचे परत पॅकिंग करता येते.

माथेरानची गाडी म्हटले की पीरभॉयांचे नाव निघते, आणि ते निघायलाच हवे. सर आदमजींनी पैसा दिला, मुलगा अब्दुल हुसेन यांनी 1904 ते 1907 या काळात डोंगरावर रूळ चढवला. पण तेव्हापासून खडी कोणी भरली, दरडी कोणी उपसल्या, त्यांची नावे कुठल्या पाटीवर नाहीत. 26 जुलै 2005 च्या पावसाने ती वाट वाहून नेली आणि गाडी 2007 मध्ये पुन्हा सुरू झाली. त्यामागे किती जणांचे गुडघे झिजले असतील, हे मला परसात गुडघे टेकल्यावर कळले.

आमचे इंजिन वाफेचे आहे. बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर त्याला लागते, विहिरीच्या पाण्याने बॉयलरमध्ये क्षार धरतो. मग गॅस भरायचा, स्टीम ऑइलचे थेंब मोजून सोडायचे आणि लायटर धुराड्याच्या तोंडाशी धरायचा. फट्‌ असा आवाज होतो, ज्योत आत खेचली जाते आणि बॉयलर गुणगुणू लागतो. पाच-सात मिनिटांत दाबाचा काटा 40 वर येतो. थंड सिलिंडरात वाफेचे पाणी झालेले असते, ते पहिल्या फेरीत धुराड्यातून तेलासकट उडते. पुढे वाकून पाहणाऱ्याचा सदरा डागाळतो. मग मात्र गाडी अशी लयीत चालते की घरातले बोलणे थांबते. माथेरानच्या घाटात दर वीस फुटांना एक फूट चढ आहे. मी तसाच ठेवून पाहिला. मोकळे इंजिन गेले, दोन डबे जोडले तशी चाके जागच्या जागी फिरू लागली. आबांनी न बोलता भरावाकडे बोट केले. आता आमचा चढ चाळीसला एक आहे.

पावसाळ्यात नेरळहून अमन लॉजपर्यंतची गाडी बंद असते, तशी आमचीही. इंजिन तेल लावून कपाटात. मी आणि आबा तेवढे रोज सकाळी रुळावर असतो. ते आता वाकू शकत नाहीत, काठीने सांधा दाखवतात.

आमची गाडी दसऱ्याला सकाळी साडेसातला सुटते. या. सदरा जुना घाला, आणि लहान मूल असेल तर बरोबर आणा. पहिला हिरवा झेंडा त्याच्या हातात देऊ.