वाकड्या ओळी

२०२३च्या दिवाळीत अंकांचा गठ्ठा नुकताच घरी आला होता. आईने वरचा अंक उघडला, थोडा दूर धरला, पुन्हा जवळ आणला आणि म्हणाली, "यंदा ओळी वाकड्या छापल्यात रे." आम्ही दोघेही हसलो. दोघेही मराठीचे अध्यापक, चाळिशी ओलांडलेले. यंदाच्या मजकुरावरचा इतका नेमका अभिप्राय आम्हांला स्वतःलाही सुचला नसता. आमच्यापैकी एकाने तर पुढच्याच आठवड्यात ते वाक्य वर्गात नेले आणि अभिधा व लक्षणा यांतील भेद समजावताना लक्षणेचे घरगुती उदाहरण म्हणून फळ्यावर लिहिले. मुलांनाही ते आवडले.

(इथे एक सर्वनामाची अडचण. आई ही आमच्यापैकी एकाची जन्मदात्री आणि दुसरीची सासू. एक तिला 'ती' म्हणतो, दुसरी 'त्या'. 'आम्ही' म्हणून लिहायचे ठरल्यावर मुलाचे सर्वनाम घेतले आहे; सुनेची त्याला संमती आहे.)

आई अभिधेतच बोलत होती, हे कळायला महाशिवरात्र उजाडावी लागली. त्या दिवशी ती देवघराच्या चौकटीकडे पाहत म्हणाली की सुताराला बोलवा, डावी बाजू पोटात गेली आहे. मग सहज बोलावे तसे तिने सांगितले की नातवाचे तोंड दिसते, मधले नाक दिसत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे होतो. त्यांनी तिचा एक डोळा झाकून चौकटी-चौकटींचा कागद समोर धरला. डाव्या डोळ्याला सगळ्या रेघा सरळ. उजव्याला मधल्या चारपाच रेघा वाऱ्यावर हललेल्या दोरीसारख्या. स्कॅन झाला. दृष्टिपटलाच्या मध्यावर, ज्याला पीतबिंदू म्हणतात आणि ज्याच्या बळावर आपण वाचतो, नेमके तिथेच खाली पाणी साठले होते.

"पडद्याखाली नव्या रक्तवाहिन्या फुटल्या आहेत," डॉक्टर म्हणाले.

आईने विचारले, "फुटल्या म्हणजे? भांडं फुटतं तशा, की पालवी फुटते तशा?"

डॉक्टर क्षणभर थांबले. मग म्हणाले, "आजी, आधी पालवीसारख्या. मग थोड्या भांड्यासारख्यासुद्धा." वीस वर्षे शब्दार्थ शिकवून आम्हांला हा प्रश्न सुचला नव्हता.

पुढचे सारे आम्ही शिकलो ते आमच्या भाचीकडून. ती पुण्यात पेशीजीवशास्त्रात पीएच.डी. करते, आणि आईची ती लाडकी नात. रविवारी आली आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर लॅपटॉप उघडून तिने उंदराच्या पिल्लाच्या दृष्टिपटलाचे एक छायाचित्र दाखवले. काळ्या पार्श्वभूमीवर हिरवी जाळी; आणि जाळीच्या कडेला, जिथे अजून वाहिन्या पोचलेल्या नाहीत तिथे, प्रत्येक टोकाला बारीक केसांसारखे पुढे आलेले धागे.

रक्तवाहिनीला आतून एकपदरी पेशींचे अस्तर असते. भोवतालच्या ऊतींना प्राणवायू कमी पडला की त्या व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडतात. ते अस्तरापर्यंत पोचले की एक पेशी पुढे सरसावते आणि शेजारणींना 'तुम्ही मागेच राहा' असा संकेत देते. पुढची ती अग्रपेशी, मागच्या देठपेशी. अग्रपेशी त्या धाग्यांनी व्हीईजीएफची दिशा घेते, हे होल्गर गेरहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली उंदराच्या दृष्टिपटलातच दाखवले. प्रत्येक धाग्याच्या आत ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूंची जुडी असते. एक तंतू सुमारे ७ नॅनोमीटर जाडीचा. त्याच्या पुढच्या टोकाला ॲक्टिनचे नवे रेणू जोडले जातात, मागच्या टोकाचे सुटत जातात, आणि सुटलेलेच पुन्हा पुढे वापरात येतात. जोडीला सूक्ष्मनलिका: ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या, २५ नॅनोमीटर व्यासाच्या, पेशीतल्या मालवाहतुकीचे रस्ते. शिवाय मधल्या जाडीचे चिवट तंतू, ज्यांत या अस्तरपेशींपुरते मुख्य नाव व्हिमेंटिनचे. या सगळ्या व्यवस्थेला भाची इंग्रजी शब्द वापरत होती, आम्ही तिला थांबवून म्हटले, "पेशीचा सांगाडा म्हण ना."

"सांगाडा नको, मामी," ती म्हणाली. "सांगाडा मेल्यावर उरतो. हे मेल्यावर आधी जातं."

या एका वाक्यावर आमची दुपार गेली. शब्द तसा तिच्याही क्षेत्राने उसनाच घेतलेला: पॉल व्हिंत्रबेर या फ्रेंच गर्भशास्त्रज्ञाने तो १९३१मध्ये योजला आणि मराठीने त्याचा शब्दशः 'पेशीकंकाल' केला. परिभाषा सिद्ध करणाऱ्यांविषयी आम्हांला आदर आहे. पण कंकाल म्हटल्यावर स्मशान डोळ्यांसमोर येते, सरपटत पुढे जाणारी पेशी येत नाही. आमच्यातल्या एकाने 'वेलीचे तणावे' सुचवले. कोशात 'तणावा' म्हणजे तंबूची दोरी असाही अर्थ आहे, आणि भाचीला वेलीपेक्षा तोच अर्थ आवडला. डोनाल्ड इंगबर हे शास्त्रज्ञ पेशीकडे तंबूसारखेच पाहतात, असे तिने सांगितले: सूक्ष्मनलिका दाब झेलणाऱ्या काठ्या, ॲक्टिनचे तंतू ताणलेल्या दोऱ्या, आणि ओढ बदलली की पेशीचा आकारही बदलतो आणि वागणेही. हे प्रतिरूप सर्वांना मान्य आहे असे नाही. पण वारीच्या तळावर संध्याकाळी उभ्या राहणाऱ्या आणि पहाटे गुंडाळून पुढच्या मुक्कामी जाणाऱ्या राहुट्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला 'सांगाडा' हा शब्द पुन्हा वापरणे कठीण जाईल.

इंगबर यांचीच एक हकीकत आम्हांला फार भावली. गाठींना वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात, तेव्हा त्याच थांबवाव्यात, असे १९७१मध्ये मांडणाऱ्या ज्युडा फोकमन यांच्या प्रयोगशाळेत ते काम करीत होते. एकदा त्यांनी वाढवलेल्या अस्तरपेशींना बुरशी लागली. एरवी अशी बशी फेकून देतात. त्यांनी पाहिले की बुरशीजवळच्या पेशींनी पसरट आकार सोडून गोल आकार घेतला आहे, आणि गोल झालेली पेशी वाढत नाही. त्या बुरशीतून रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारे द्रव्य निघाले. ते १९९०मध्ये प्रसिद्ध झाले. बिघडलेल्या आकाराकडे दुर्लक्ष न करणारी माणसे असतात, एवढे त्या दुपारी आमच्या मनात आले आणि आम्ही एकमेकांकडे पाहायचे टाळले.

वनस्पतींचे तर आश्चर्यच. सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणारी कळलावी, जिच्या नावातच प्रसूतीच्या कळा आहेत, तिच्यातले कोल्चिसीन ट्युब्युलिनला चिकटते आणि नलिका बांधूच देत नाही. अंगणातल्या सदाफुलीतून निघणारी कर्करोगावरची औषधेही त्याच प्रथिनाला धरतात. आईने रोज पूजेला तोडलेल्या फुलांविषयी आम्हांला एवढेही ठाऊक नव्हते.

भाची आमच्या रूपकांना अधूनमधून टाचणी लावीत होती. ते चाचपडणारे धागे, ती आंधळ्याची बोटे, आम्ही अगदी रंगात येऊन बोलत होतो. तेव्हा तिने सांगितले की २०१३मध्ये झेब्राफिश माशांच्या भ्रूणात ॲक्टिनची बांधणी किंचित रोखून हे धागे उगवूच दिले नाहीत, तरी वाहिन्या आपल्या वाटेने गेल्या. हळू गेल्या, एवढेच. आम्ही हिरमुसलो. बोटांची प्रतिमा आम्हांला सोडवत नव्हती.

आणि मग आईचे पाणी. अस्तरातल्या दोन शेजारी पेशी कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने एकमेकींना धरून असतात. त्या पकडीचे आतले टोक ॲक्टिनच्या दोऱ्यांना बांधलेले असते. व्हीईजीएफ जास्त झाले की दोऱ्या आखडतात, पकड सैल होते, फट पडते आणि रक्तातले पाणी झिरपते. (हेच प्रथिन १९८३मध्ये हॅरॉल्ड ड्वोरॅक यांना आधी सापडले ते वाहिन्या झिरपवणारे द्रव्य म्हणूनच.) झिरपलेले पाणी दृष्टिपटल उचलते, उचललेल्या पटलावर पडलेली सरळ ओळ मेंदूला वाकडी पोचते. म्हणजे आईने दिवाळीत केलेले विधान हे अस्तरपेशींतल्या दोऱ्यांचे तंतोतंत वर्णन होते, आणि आम्ही त्याला अलंकार समजलो.

उपचार इंजेक्शनचा, थेट डोळ्यात. औषधाचे रेणू व्हीईजीएफला पकडून ठेवतात. संमतिपत्र इंग्रजीत होते. ते आईला मराठीत सांगायचे काम आमच्याकडे आले. पहिल्या प्रयत्नात आम्ही शत्रू, हल्ला, नाकेबंदी असे काहीबाही बोललो. ती म्हणाली, "माझ्याच डोळ्यात माझंच काहीतरी वाढलंय, त्याला शत्रू कशाला म्हणता?" मग साध्या शब्दांत सांगितले. औषध मुळात मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी २००४मध्ये अमेरिकेत संमत झालेले, डोळ्यासाठी नव्हे, हेही सांगितले. डोळ्यासाठीच संमत झालेले दुसरे औषध २००६पासून आहे, पण ते कितीतरी महाग. दोन्हींनी दृष्टीत जवळपास सारखाच फरक पडतो, हे २०११च्या अमेरिकेतल्या तुलनात्मक चाचणीत दिसले होते. तिने स्वस्त निवडले. सही करताना अक्षर वळणदार आले, ओळ मात्र कागदावरून खाली उतरत गेली.

दिवाळीतच आलो असतो तर, असे आम्ही डॉक्टरांना विचारले. पाणी ओसरते, ते म्हणाले. वाहिन्यांच्या जागी व्रण धरला तर तो जात नाही, आणि थोडा धरला आहे. किती आधी धरला, ते सांगता येत नाही. भाचीने आम्हांला दोष दिला नाही. परत जाताना एवढेच विचारले, "आजीने सांगितलं होतं ना, मामा?"

महिन्याच्या अंतराने तीन इंजेक्शने झाली. पुढची डोळा पाहून ठरत गेली. चौकटींचा कागद आम्ही फ्रीजच्या दाराला चिकटवला. रोज सकाळी चहाच्या आधी आई डावा डोळा तळहाताने झाकते आणि बोलते. आमच्यापैकी जो मोकळा असेल तो तारीख घालून वहीत लिहून घेतो, तिचेच शब्द, एकही न बदलता. कालची नोंद अशी: "मधल्या दोन अजून वाकड्या. तिसरी काल होती, आज सरळ वाटते. चष्मा पुसलेला होता."